रात्रभर जागणारी आई आणि सकाळी राहून जाणारा पंप

“मॅडम, मी झोपले आणि नेमका तेव्हाच त्याचा श्वास अडकला तर?”

मी समुपदेशक आहे. दमा असलेल्या मुलांच्या आया मला हा प्रश्न विचारतात. वडीलही विचारतात, पण जरा उशिरा आणि बायको खोलीत नसताना. शब्द थोडेफार बदलतात, भीती तीच असते. “रात्री काळजी करू नका” एवढं सांगून ती जात नाही, कारण ती खोटी नाही. दम्याचा त्रास रात्री आणि पहाटे वाढतो, हे खरंच आहे. म्हणून इथे एका कुटुंबाबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींमधलं मोजकंच घेतलं आहे.

आई आली होती ती स्वतःसाठी. झोप नाही, चिडचिड, कामात चुका. मुलगा नऊ वर्षांचा. मागे एकदा मध्यरात्री त्याला दवाखान्यात न्यावं लागलं होतं, ऑक्सिजन लावावा लागला होता. तेव्हापासून दर दोन तासांनी मोबाईलचा गजर लावून त्या त्याच्या खोलीत जात, वाकून श्वास ऐकत आणि परत येत. “दोघांनी जागून काय उपयोग?” असं म्हणून नवऱ्याला त्यांनी यातून मोकळं केलं होतं. नवऱ्याला मात्र ते मोकळं करणं वाटत नव्हतं. “मला काही जमत नाही असं ठरूनच गेलंय,” तो नंतर मला म्हणाला.

मी शिकले ती पद्धत कुटुंबाला एकत्र बघण्याची. एक माणूस थकलेला दिसला की त्याच्या आजूबाजूचे कुठे उभे आहेत, हे मी आधी बघते. म्हणून तिघांनाही बोलावलं. त्यावर आईचा चेहरा उतरला. “म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय, असं ना?”

या धास्तीमागे इतिहास आहे आणि तो माझ्याच क्षेत्राचा आहे. 1941 मध्ये शिकागोतल्या थॉमस फ्रेंच आणि फ्रान्झ अलेक्झांडर या मनोविश्लेषकांनी दम्याबद्दल एक मांडणी केली. मुलाचा दमा म्हणजे आईसाठी दाबून ठेवलेलं रडणं, असा तिचा आशय होता. त्या विचाराचं ओझं पुढे अनेक वर्षं आयांनी वाहिलं. आज चित्र स्पष्ट आहे. दमा म्हणजे श्वासनलिकांना दीर्घकाळ राहणारी सूज. त्या नळ्या चटकन चिडतात, आकसतात, आत चिकट स्राव साठतो, म्हणून घरघर होते. खूप रडणं, खूप हसणं किंवा घाबरणं यांनी त्रास उसळू शकतो, पण तो आधीच सुजलेल्या नळ्यांमध्ये. आईच्या स्वभावामुळे दमा होत नाही. हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं आणि पुढेही पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण अपराधी वाटत असलेलं माणूस ऐकण्यापेक्षा बचाव करण्यात गुंततं.

तिघं आले तेव्हा मी मुलाला म्हटलं, “आज तू शिक्षक. बाबांना पंप घ्यायला शिकव.”

त्याने फार छान शिकवलं. पंप, म्हणजे इनहेलर, हलवायचा, स्पेसरला, म्हणजे फवारा धरून ठेवणाऱ्या पोकळ नळकांड्याला, लावायचा, तोंडातली नळी ओठांनी घट्ट धरायची, एकदाच दाबायचं, मग सावकाश पाच-सहा श्वास घ्यायचे. दुसरा पफ हवा असेल तर जरा थांबायचं आणि पंप पुन्हा हलवायचा. वडील चाचपडत होते. आईचा हात आपोआप पुढे गेला. “थांबा, मी दाखवते.” मी त्यांना हात मांडीवर ठेवायला सांगितलं. त्यांच्यासाठी ती पाच मिनिटं फार अवघड होती. पण या साध्या खेळाने ते घर जसं मला दिसलं, तसं कितीही प्रश्न विचारून दिसलं नसतं.

हा निळा पंप त्रास होईल तेव्हा लगेच आराम देणारा. त्याचं झाल्यावर वडिलांनी विचारलं, “आणि तो दुसरा? तो कधी घ्यायचा?”

मुलाने आईकडे पाहिलं. “तो बरं नसेल तेव्हा.”

“डॉक्टरांनी काय सांगितलंय?” मी विचारलं.

“रोज सकाळ-संध्याकाळ,” आई हळू आवाजात म्हणाल्या. “पण तो स्टिरॉइड आहे. चांगला खेळतो-बागडतो तेव्हा कशाला उगाच? सवय लागली तर?”

मी तिथे थांबले नाही, ते डॉक्टरांचं क्षेत्र. मला दुसरंच कुतूहल होतं. मुलाला विचारलं, “रात्री खोकला येतो का रे तुला?”

उत्तर आईने दिलं. “नाही, आता रात्री नाही येत. मी बघते ना दर दोन तासांनी.”

“मला त्याच्याकडून ऐकायचंय.”

तो बराच वेळ स्पेसर उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, “येतो.”

“मग काय करतोस?”

“उशीत तोंड घालतो.” थोडं थांबून आईकडे न बघता तो म्हणाला, “तू आलीस की मी श्वास हळू घेतो. तुला आवाज येऊ नये म्हणून.”

“अरे, का पण?”

“तू मग दिवा लावतेस. मग कोणीच झोपत नाही. आणि दुसऱ्या दिवशी मला खेळायला पाठवत नाहीस.”

आई रडल्या नाहीत. त्या सुन्न झाल्या. ज्या श्वासाचा आवाज ऐकण्यासाठी त्यांनी इतक्या रात्री झोपेवर पाणी सोडलं, तो आवाज येऊ नये म्हणून त्यांचा मुलगा अंधारात धडपडत होता. दोघंही हे एकमेकांसाठीच करत होते. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहणं हे शिकून यावं लागतं आणि ते मला येतं, याचं मला समाधान आहे. बोलले ते वडील. “आजपासून रात्रीचं मी बघतो. आणि खोकला आला म्हणून तुझं खेळणं बंद होणार नाही. कसं खेळायचं ते आपण डॉक्टरांना विचारू.”

त्या दिवशी मला जे उमगलं, ते नंतर अनेक घरांमध्ये पडताळून पाहिलं आहे. भीती माणसाला सावध करते असं आपण धरून चालतो. इथे एकच भीती आईला रात्री जागवत होती, सकाळचं औषध चुकवत होती, मुलाला लक्षणं लपवायला शिकवत होती आणि वडिलांना दाराबाहेर ठेवत होती. पहारा जितका कडक होत गेला, तितकी खरी माहिती कमी मिळत गेली. रात्री खोकल्याने झोप मोडणं ही दमा आटोक्यात नसल्याची ठळक खूण आहे आणि नेमकी तीच डॉक्टरांपर्यंत पोचत नव्हती.

पुढचं काम पहारा कमी करण्याचं नव्हतं. त्याच्या जागी काहीतरी भक्कम ठेवल्याशिवाय कोणतीही आई तो सोडणार नाही, आणि तिने सोडूही नये.

आधी स्टिरॉइडची भीती. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आम्ही कागदावर लिहिले, म्हणजे घाईत राहून जायला नकोत. जी उत्तरं आली ती सगळ्याच पालकांच्या कामाची आहेत. ओढून घ्यायच्या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ते थेट श्वासनलिकांत दिलं जातं. त्याची व्यसनासारखी सवय लागत नाही. थांबवल्यावर त्रास परत येतो, कारण सूज परत येते. उंचीवर परिणाम होतो का? थोडा होऊ शकतो. अनेक वर्षं पाठपुरावा केलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, लहानपणी काही वर्षं रोज ब्युडेसोनाइड हे ओढून घ्यायचं स्टिरॉइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची न घेतलेल्यांपेक्षा सरासरी 1.2 सेंटीमीटरने कमी भरली. “काहीच होत नाही” या दिलाशापेक्षा या आकड्याने आईला जास्त शांत केलं. दुसऱ्या पारड्यात काय आहे हेही आता त्यांना दिसत होतं: मोडलेली झोप, बुडलेली शाळा आणि पुन्हा तशी एखादी मध्यरात्र. डॉक्टर भागेल तितकी कमी मात्रा ठेवतात, उंची मोजत राहतात आणि पंपानंतर चूळ भरायला सांगतात, ते यासाठीच. मात्रा कमी करायची तर तेही त्यांनीच ठरवायचं.

मग लेखी योजना. डॉक्टरांकडून ती मागूनच घ्या, असं मी प्रत्येक पालकाला सांगते. हिरवा, पिवळा, लाल असे तीन भाग असतात. ठीक असताना रोज काय घ्यायचं, खोकला-घरघर सुरू झाली की निळा पंप किती पफ आणि किती वेळाने द्यायचा, आणि केव्हा कशाचीही वाट न बघता दवाखाना गाठायचा. लाल भागातल्या खुणा घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात: एक वाक्यही सलग बोलता न येणं, श्वास घेताना बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची त्वचा आत ओढली जाणं, ओठ निळसर दिसणं, मूल गळून जाणं, पंप देऊनही आराम न पडणं. छातीतली घरघर अचानक बंद झाली आणि मूल तरीही धापा टाकत असेल, तर तो आराम समजू नका. हवाच आत-बाहेर होत नाहीये, असा त्याचा अर्थ असू शकतो. योजनेची एक प्रत शाळेत द्यायची, निळ्या पंपासह.

कामांची वाटणी झाली. सकाळ-संध्याकाळचा पंप वडिलांकडे, दात घासायच्या आधी, म्हणजे चूळ आपोआप होते. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन न पुसता वाळवायचं काम मुलाकडे. आईकडे आठवड्याची नोंद: दिवसा त्रास किती वेळा, रात्री जाग किती वेळा, निळा पंप किती वेळा, खेळ अडला का. निळा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस लागायला लागला किंवा रात्री जाग येऊ लागली, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं.

गजर एका रात्रीत बंद झाले नाहीत. आधी त्यातला एक कमी केला. रोजचा पंप नियमित झाला, तशी काही आठवड्यांत मुलाची रात्रीची जाग कमी झाली आणि मग आईने उरलेले गजर स्वतःच काढले. मी आग्रह धरला नव्हता. मुलाने एकच अट घातली होती. त्याने रात्री हाक मारली तर पंप द्यायचा, योजनेत लिहिलंय तेवढंच करायचं, आणि घरभर दिवे लावायचे नाहीत. अट मान्य झाली. तो हाक मारू लागला.

त्याला मी एक गोष्ट सांगितली होती, ती त्याला फार आवडली. 1955 च्या सुमारास अमेरिकेत दमा असलेल्या एका 13 वर्षांच्या मुलीने वडिलांना विचारलं, “माझं औषध केसांवर मारायच्या स्प्रेसारखं का नाही येत?” तेव्हा औषध रबरी फुगा दाबून फवारावं लागे, मात्रेचा भरवसा नसे. वडील जॉर्ज मेसन हे रायकर या औषध कंपनीचे प्रमुख होते. त्यांनी तो प्रश्न मनावर घेतला आणि 1956 मध्ये मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला. “म्हणजे तिने तक्रार केली म्हणून?” त्याने विचारलं. हो, आणि वडिलांनी ती ऐकली म्हणून.

तुमचं मूल तुम्हाला खरं सांगतं का, हे तपासायचं असेल तर “दम लागतोय का?” असं सारखं विचारू नका. चिंतेने विचारलेल्या या प्रश्नाला मुलं “नाही” म्हणतात. ठरलेल्या दिवशी, सगळं ठीक असताना, नोंदीतले चार प्रश्न साध्या आवाजात विचारा. उत्तर “हो” आलं तर लगेच काहीतरी बंद करू नका. आधी “बरं झालं सांगितलंस” म्हणा, मग योजनेचा कागद काढा. आणि मुलाचा दमा आटोक्यात येऊनही तुमची झोप परत आली नाही, दर आवाजाला छाती धडधडत राहिली, तर मुलाच्या पुढच्या तपासणीची वाट बघू नका. स्वतःसाठी वेगळी वेळ घ्या.