मोफत ई-साहित्यावर कायद्याचा अभ्यास होईल का?

सप्रेम नमस्कार,

लोकमान्यनगर, इंदूर येथून आलेले आपले पत्र वाचले. बी.ए. एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली आपली कन्या मोबाइलवरील मोफत साहित्यावरच अभ्यास करते, तर वकिली करणारे आपले मेहुणे निकालांच्या डेटाबेसची वर्गणी भरण्याचा आग्रह धरतात. कोणाचे ऐकावे, असे आपण विचारता.

विद्यार्थिदशेत ही वर्गणी भरू नये, असे माझे मत आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे, न्यायालयाने मनाई केलेली नसेल तर निकाल कोणीही छापू शकतो; प्रकाशकाने निकालाच्या सुरुवातीला दिलेल्या सारांशावर, म्हणजे शीर्षटिपांवर, मात्र त्याचा हक्क राहतो. वर्गणीचे पैसे प्रामुख्याने या संपादनाचे आणि शोधाच्या सोयीचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने तर २ जानेवारी २०२३ पासून आपले अधिकृत निकालवृत्त शीर्षटिपांसह ई-एससीआर या संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले आहे, आणि अधिनियमांसाठी इंडिया कोड हे सरकारी संकेतस्थळ आहेच.

मला काळजी वाटते ती आपण पाठवलेल्या तिच्या वहीच्या पानाची. तेथे खुनाच्या शिक्षेपुढे नुसते 'कलम ३०२' लिहिले आहे; अधिनियमाचे नाव नाही की टिपण कोठून घेतले याची नोंद नाही. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या खुनाला भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ लागते आणि त्या संहितेतले ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांविषयी आहे. त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंडसंहिताच, जिच्यात ३०२ हे खुनाच्या शिक्षेचे कलम होते, लागू असल्याने तिला दोन्ही यावे लागेल. फिरत्या पीडीएफ नोट्स एकदा तयार झाल्या की त्यांना कोणी हात लावत नाही, म्हणून प्रत्येक टिपणाखाली अधिनियम, स्रोत आणि पाहिल्याची तारीख लिहिण्याची सवय तिला आजच लावावी.

आठवड्याला एकच निकाल, पण पूर्ण वाचावा. शीर्षटीप झाकून ठेवून वस्तुस्थिती, वादाचा मुद्दा आणि निर्णयाचे कारण अर्ध्या पानात स्वतःच्या शब्दांत लिहावे, हवे तर मराठीत, आणि मगच शीर्षटिपेशी ताडून पाहावे. पहिले काही निकाल जड जातील. इंग्रजीमुळे कमी, लांबीमुळे अधिक.

मेहुण्यांचा अनुभव वाया घालवू नये. शनिवारी तिला त्यांच्या ऑफिसात बसू द्यावे. डेटाबेस तेथेच हाताळता येईल. बेअर ॲक्ट, म्हणजे भाष्याविना कायद्याचा मूळ मजकूर, मात्र छापील आणि नवाच घ्यावा. खजुरी बाजारातली जुनी प्रत स्वस्त पडली, तरी तीत ३०२ खुनाचेच निघण्याचा संभव आहे.