वाचकांचे प्रश्न : कोठ्यातली अँबॅसिडर रस्त्यावर आणताना

जुन्या गाड्यांवर मागच्या अंकात दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण चार पत्रं अशी आहेत की त्यात बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात, म्हणून तीच घेतो. तीस वर्षं तालुक्याच्या गावात गॅरेज चालवलं त्या अनुभवावरून सांगतोय, जिथे आरटीओची गोष्ट आहे तिथे नियमाप्रमाणे.

आर्वीहून एक वाचक लिहितात : आमच्या आजोबांची 1968 ची अँबॅसिडर मार्क-2 पंधरा वर्षं कोठ्यात (गोठ्यात) पऱ्हाटीच्या ढिगाजवळ उभी होती. आजोबा गेले, मग मी मनावर घेतलं. पंचिंग (पत्र्याचे पोचे काढणं), पेंटिंग, सीट कव्हर, इंजिनला बोअर मारून नवीन पिस्टन-रिंग, सगळं झालं. गाडी लय मस्त दिसून राहिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या घरच्यांना बसवून कौंडण्यपूरला जायचा विचार आहे. इंजिन तर एका सेल्फमध्ये चालू होते, मग आता अजून काही पाहायचं राहिलं काय?

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात ब्रेक हा शब्द कुठेच सापडला नाही. पेंट आहे, सीट आहे, इंजिन आहे. ही गोष्ट मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता कोणी नवी रंगवलेली गाडी घेऊन आला की मी बॉनेट उघडतच नाही, आधी चाक खोलतो. मार्क-2 ला चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, आणि पॅडलचा जोर ऑइलमधून चाकांकडे पाठवणाऱ्या मास्टर सिलिंडरला एकच सर्किट, म्हणजे एका चाकाचं रबर फाटलं की चारही चाकांचा ब्रेक जातो, पॅडल सरळ खाली. मग हातात फक्त हँडब्रेक उरतो आणि तो मागच्या दोनच चाकांवर. म्हणून पहिलं काम हँडब्रेक धरतो की नाही ते पाहा, चढावर गाडी उभी करून ओढून पाहा, नुसता कर्र आवाज येतो म्हणजे धरतो असं नाही.

पंधरा वर्षं उभ्या गाडीच्या ब्रेकमधलं एकही रबर वापरायचं नाही, चांगलं दिसलं तरी नाही. मास्टर सिलिंडरचं किट, चारही चाकांच्या व्हील सिलिंडरची किटं, आणि चाकाकडे ऑइल नेणारे रबरी होस पाइप, हे सगळं नवीन. सिलिंडरच्या आत बोट फिरवून पाहा, खड्डे लागले तर किट टाकून उपयोग नाही, सिलिंडरच बदलावा लागतो. होस पाइपची गोष्ट मुद्दाम सांगतो कारण त्यात माझी स्वतःची चूक झालेली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एक फियाट माझ्याकडे आली होती, सगळं केलं, होस बाहेरून चांगले दिसले म्हणून तेच ठेवले. गाडी गेली आणि दुसऱ्या दिवशी मालक परत आला, म्हणाला गाडी ओढल्यासारखी वाटते, जळाल्यासारखा वास येतो. मी पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर ड्रमची धग चार बोटं दुरूनच लागली. होस कापून पाहिला तर बाहेरून काळाभोर, आतून फुगून बुजलेला. पायाचा जोर लावला की ऑइल आत जायचं पण परत यायचं नाही, त्यामुळे ब्रेक सुटतच नव्हता. त्यात दोन लहान पोरं मागच्या सीटवर बसून गेली होती. तेव्हापासून होस मी विचारत नाही, बदलतो.

ब्रेक ऑइल सीलबंद डब्याचं, डॉट-3 घ्या, अर्धा वापरून ठेवलेला डबा नको, ते ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि गरम झालं की त्याची वाफ होऊन पॅडल पोकळ लागतं. आणि ब्रेकच्या कोणत्याही रबराला इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू देऊ नका, आमच्याकडे पोट्टे सवयीने लावतात, रबर फुगतं. ब्रेक ऑइल नव्या पेंटवर सांडलं तर लगेच पाणी मारा नाहीतर पेंट उचलतो.

आता इंजिन. बोअर मारलं पण हेडचं, म्हणजे व्हॉल्व्ह असतात त्या इंजिनच्या वरच्या भागाचं, काय केलं ते तुम्ही लिहिलं नाही. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलवर चालायच्या काळातलं आहे, ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कड) सांभाळून घ्यायचं, आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशात सगळीकडे बिनशिशाचंच पेट्रोल आहे. हेडला कडक सीट बसवल्या असतील तर काळजी नाही, नसतील तर दर हजार किलोमीटरला टॅपेटची (व्हॉल्व्हच्या दांडीवरची) गॅप मोजा. गॅप स्वतःहून कमी कमी होत चालली म्हणजे सीट खाली बसून राहिली असं समजायचं आणि हेड खोलायचं. शिवाय आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने जुने रबरी पाइप, इंजिनजवळच्या पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगं लवकर खराब होतात, तेव्हा तेही सगळं नवीन आणि इथेनॉलला चालणारं टाका. टाकी उतरवून धुतली का? नसेल धुतली तर पंधरा वर्षांचा गंज आणि वार्निशसारखं झालेलं पेट्रोल त्या नव्या इंजिनात जाऊन राहिलं.

पहिले हजार किलोमीटर रनिंग-इनचे. 50 च्या आत चालवा, एकाच स्पीडवर तासभर नको, वरखाली करत चला, चढावर टॉप गिअरमध्ये दाबू नका. 20डब्ल्यू-40 सारखं जाड ऑइल टाका आणि 500 किलोमीटरला काढून टाका, त्या ऑइलमध्ये बोटावर चमकी दिसेल, नव्या रिंगा बसताना थोडी निघतेच. हेडचे नट आणि टॅपेट त्याच वेळी पुन्हा पाहून घ्या.

आणि पहिल्या दिवशी घरच्यांना बसवून कौंडण्यपूर नाही. पहिल्यांदा वावराच्या रस्त्यावर एकटे, चालत्या माणसाच्या स्पीडने, ब्रेक मारून पाहा कोणत्या बाजूला ओढते. मग पाच किलोमीटर, घरी येऊन चारही ड्रमला हात लावून पाहा, एक जास्त गरम असेल तर तिथे काम बाकी आहे. मग वीस किलोमीटर. डिकीत फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, दोन प्लग, होसच्या क्लिपा, पाच लिटर पाणी, ओढायचा दोर आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर. टायरवर अंडाकृतीत चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष, नक्षी नवी दिसत असली तरी दहा वर्षं जुनं टायर आपल्या उन्हात चालवू नका, समृद्धी महामार्गावर तर ही गाडी नेऊच नका, तिथे बाजूने 120 ने गाड्या जातात.

कागदांचं राहिलं. गाडी अजून आजोबांच्याच नावावर असेल आणि पंधरा वर्षं उभी म्हणजे रजिस्ट्रेशनची मुदतही संपलेली असणार, म्हणजे आज ती रस्त्यावर आणली आणि काही झालं तर इन्शुरन्सवालाही हात वर करेल. आधी वारसाच्या नावावर करून घ्या, त्याला फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि बाकीच्या वारसांची संमती. मग फॉर्म 25 भरून रिन्यूअल, ते पाच वर्षांचं मिळतं. 20 वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये झाली, वरून उशिराचा दंड महिन्याच्या हिशोबाने आणि पर्यावरण कर, तेव्हा पैशाची तयारी ठेवून जा. थर्ड पार्टी इन्शुरन्स, पीयूसी आणि नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागेलच. कलर बदलला असेल तर त्याचीही आरसीवर नोंद करावी लागते, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

अजून एक, इन्स्पेक्टर चेसिस नंबर पाहतो, पेन्सिलने त्याचा ठसा घेतात. पंचिंगवाल्याने त्यावर पुट्टी भरून पेंट मारला नाही ना ते आजच पाहा. मी एका गाडीवर अर्धा दिवस थिनरचा बोळा घेऊन बसलो होतो, आधी एक आठ दिसला, मग शून्य, आणि खडू घासल्यावर बाकीचे आकडे पांढरे उठून आले. पटाशीने किंवा ग्राइंडरने खरवडायचं नाही, नंबर खराब झाला तर खोडल्याचा संशय येतो आणि मग लय त्रास आहे. वर्धेच्या आरटीओत गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोवर चढवून न्या.

दर्यापूरहून एक वाचक : माझी 1984 ची पद्मिनी (फियाट) सकाळी एकदम छान चालते, पण दुपारी रेल्वे गेटवर दहा मिनिटं थांबलं की बंद पडते आणि अर्धा तास चालू होत नाही. इंजिनजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकलं की चालू होते. मिस्त्री म्हणतो फियाटचं असंच असतं. रेडिएटरचं पाणीही उकळतं.

असंच असतं असं नाही दादा. उभ्या गाडीत बॉनेटखालची गरमी वाढते, पेट्रोल पाइपात आणि पंपात उकळून त्याची वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. ओल्या फडक्याने चालू होते म्हणजे निदान बहुतेक बरोबर आहे, तरी एकदा खात्री करा. बंद पडल्यावर एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहा आणि हाताने ॲक्सिलरेटर ओढा. पेट्रोलची पिचकारी दिसली तर पेट्रोल येत आहे, मग कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन करंट सोडत असेल, ते तपासा. पिचकारी नाही दिसली तर वाफच. बिडी पेटवलेल्या माणसाला त्या वेळी जवळ उभा राहू देऊ नका. उपाय म्हणजे पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून दूर फिरवून घ्या, त्यावर उष्णता अडवणारं कव्हर चढवा आणि कार्बोरेटरच्या खालचं जाड इन्सुलेटर पॅकिंग आहे की नाही पाहा, पुष्कळ गाड्यांत ते कोणीतरी काढून साधं कागदी टाकलेलं असतं.

पाणी उकळतं त्याचं कारण मात्र मला तुमच्या गावाच्या नावातच दिसलं. तुम्ही खारपाणपट्ट्यातले, जमिनीतलं पाणीच खारं. बोअरचं पाणी टाकता ना? ते पाणी माणसाला पचत नाही तर रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांना कसं पचेल, आत क्षार बसून नळ्या बंद होतात. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं, त्याला खारं पाणी कुरतडतं आणि एकदा जास्त गरम झालं की हेड वाकतं. रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या आणि यापुढे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, थेंबभरही बोअरचं नाही. बाहेरच्या जाळीतही पाहा, जिनिंगच्या रस्त्याने येणं-जाणं असेल तर कापसाचे तंतू आणि किडे मिळून नमद्यासारखा थर बसतो, आतल्या बाजूने बाहेर असं पाणी मारून तो काढा. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, नवीन टाका.

देवरीहून एक वाचक : माझ्याकडे 1967 ची हाय बॉनेट जीप आहे, त्यात मागे कधीतरी डिझेल इंजिन बसवलं आहे. तिला विंटेज नंबर मिळतो म्हणतात, मग घ्यावा काय? जीप रोज वावरात अन् बाजारात जाते.

काकाजी, तुमच्यासाठी तो नंबर नाही. 15 जुलै 2021 ला विंटेज गाड्यांचे नियम निघाले, पहिल्या रजिस्ट्रेशनपासून 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल चालत नाहीत, म्हणजे डिझेल इंजिनापाशीच तुमचा अर्ज अडतो. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, पुढच्या वेळी 5,000, नोंदणी 10 वर्षांची, नंबरात व्हीए ही अक्षरं. पण खरी अडचण पुढे आहे, ती गाडी रोजच्या वापराला काढताच येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर. तुमची जीप राबणारी आहे, तिचं साधंच रिन्यूअल करा आणि डिझेल इंजिनाची आरसीवर नोंद आहे की नाही ते आधी पाहा. नसेल तर इंजिन घेतल्याची पावती शोधा, त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

पुसदहून एक ताई : बाबांची फियाट आम्ही दुरुस्त करून ठेवली आहे. दर रविवारी दहा मिनिटं चालू करून बंद करते. एवढं पुरे ना?

ताई, तुम्ही बाबांची गाडी सांभाळून राहिल्या याचं खरंच बरं वाटलं, पण उभ्या उभ्या दहा मिनिटं चालू करण्याने फायद्यापेक्षा नुकसान जास्त. ऑइल नीट गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून सडतो, बॅटरीतून सेल्फने जेवढं घेतलं तेवढं डायनामो परत भरतही नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा वीस किलोमीटर चालवून आणा, गिअर पडू द्या, ब्रेक लागू द्या. उभी करताना बॅटरीची एक वायर काढा, आणि सोयाबीनची पोती ठेवलेल्या खोलीत गाडी ठेवू नका, उंदीर दाण्यासाठी येतात आणि वायरिंग खाऊन जातात. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, ब्रेक शू ड्रमला चिकटतात, चाकाला दोन्हीकडून लाकडाचे गुटके लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा.