मिक्सर लंडनला चालेल, टॉप चालणार नाही

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी लंडनला निघाले आहे. तिकडच्या मिक्सरवर ओल्या खोबऱ्याची चटणी मनासारखी होत नाही म्हणते, म्हणून इथला ७५० वॉटचा नेतेय. पण पिना बसणार नाहीत म्हणे. तीन पिना त्यांच्याही, तीन आपल्याही, आणि वीज तर आपल्याकडे त्यांच्याच काळात आली. मग बसत का नाहीत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, मिक्सर खुशाल न्या. तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मोटरला सातारा सोडल्याचं कळणारही नाही.

अडतोय तो टॉप. (आम्ही वायरमन लोक प्लगला टॉपच म्हणतो.) गंमत अशी की तुमच्या मिक्सरचा गोल पिनांचा टॉप मूळचा इंग्रजांचाच, त्यांच्या १९३४ च्या मानकातला. आपण तो धरून ठेवला, त्यांनी सोडला. तेव्हा त्यांच्याही घरात २ अँपिअरची पिन वेगळी, ५ ची वेगळी, १५ ची वेगळी. आपल्याकडे मिक्सरचा टॉप गिझरच्या सॉकेटात सैल पडतो ना, तीच भानगड. दुसऱ्या महायुद्धात घरं पडली, ती बांधायची तर तांब्याची टंचाई. मग ठरलं की एकेका सॉकेटसाठी बोर्डापासून वेगळी वायर ओढायची नाही. घरभर एकच कडं फिरवायचं आणि सगळी सॉकेटं त्यावरच घ्यायची. पण कड्याचा फ्यूज ३० अँपिअरचा. टेबललॅम्पची बारीक वायर जळून कोळसा झाली तरी तो उडायचा नाही. म्हणून छोटा फ्यूज थेट टॉपच्या पोटात घातला आणि पिना चपट्या केल्या. हे मानक निघालं १९४७ साली! इथून निघाले त्याच वर्षी त्यांनी आपला जुना टॉपही मोडीत काढला.

अगदी नामशेष झाला नाही म्हणा. लंडनच्या नाट्यगृहांत रंगमंचावरच्या दिव्यांना अजून १५ अँपिअरच्या गोल पिना असतात. पण मिक्सर घेऊन तिथे कुठे जाणार?

तेव्हा दोन रस्ते. चार-सहा महिनेच राहणार असाल तर फ्यूजवाला चांगला अ‍ॅडाप्टर घ्या. फुटपाथवरचा ‘सगळ्या देशांत चालतो’वाला नको, त्यातल्या बऱ्याच अ‍ॅडाप्टरांत अर्थिंगची पट्टीच नसते. मिक्सर मुलीकडेच ठेवणार असाल तर तिकडचा टॉप आणून जाणकाराकडून बदलून घ्या. टॉप उघडून समोर धरला, अर्थची पिन वर ठेवली, की तपकिरी वायर उजवीकडे फ्यूजच्या बाजूला, निळी डावीकडे, हिरवी-पिवळी वर. फ्यूज ५ अँपिअरचा. ७५० ला २३० नं भागलं तर सव्वातीन येतात, आणि मोटर सुरू होताना आणखी ओढते, म्हणून ३ चा तग धरणार नाही.

एक ताकीद. त्यांच्या सॉकेटात फेज-न्यूट्रलच्या भोकांना आतून पडदा असतो. अर्थची पिन लांब असते, ती आधी आत जाते, पडदा सरकवते, मगच बाकीच्या दोन शिरतात. आपली मंडळी काय करतात, वरच्या भोकात पेनाचं टोपण खुपसून पडदा उघडतात आणि दोन पिनांचा चार्जर दडपतात. दुबईतही सॉकेट तसंच, उद्योगही तोच. काडेपेटीच्या काड्या खुपसून उघड्या वायरी अडकवणारे आपणच. सवय विमानात बसली तरी सुटत नाही. घरात तान्हं बाळ असणार आहे, हा प्रकार करू नका, जावयांनाही करू देऊ नका. आणि काढलेला टॉप जमिनीवर टाकू नका. त्याच्या पिना वर तोंड करून पडतात, अंधारात पाय पडला की साताऱ्यापर्यंत ऐकू येईल.

भांड्यांना पाती आहेत, तेव्हा ती हातातल्या बॅगेत नकोत.

प्रश्न : भाचा जपानहून राइस कुकर आणतोय. टॉप बदलला की चालेल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. टोकियोत ५० हर्ट्झ आणि ओसाकात ६०, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एकानं जनित्रं जर्मनीची घेतली, दुसऱ्यानं अमेरिकेची. पण तुमचा प्रश्न तो नाही. दोन्हीकडे व्होल्ट १०० च. कुकर २३० वर लावलात तर त्याचं कॉइल पाचपटीहून जास्त तापू बघेल. भात व्हायच्या आधी कुकरच शिजेल.

हे मला पुस्तकात कळलेलं नाही. मेहुण्यानं अमेरिकेहून १२० व्होल्टची इस्त्री आणली होती. मी नुकताच धंद्याला लागलेलो, ऐटीत टॉप बदलून दिला. पाटीवरचा आकडा वाचायचं सुचलंच नाही. बटण दाबलं, पाणी शिंपडायच्या आत धूर. बायकोची नवी साडी खाली अंथरलेली होती. मेहुण्यानं इस्त्रीबद्दल अवाक्षर काढलं नाही. साडीचं मात्र अजून निघतं.

भाच्याला म्हणावं, कुकर नको. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्स्फॉर्मर मिळतो, पण तो कुकरपेक्षा जड.