इंग्रजी कथेतला आवाज 'ड्राय' किंवा 'क्लिप्ड' कसा असतो?
खानापूरहून बेळगावच्या कॉलेजात आलेल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला, आपण विचारलेला हा प्रश्न पडणे अगदी स्वाभाविक आहे. बोलण्याचा सूर सांगणाऱ्या अशा इंग्रजी शब्दांत बहुधा स्पर्श, चव किंवा इजा यांचा मूळ अर्थ दडलेला असतो. 'कॉस्टिक' हा शब्द जाळणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, तर 'मॉर्डंट' हा चावणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे, म्हणून दोन्ही आपल्या झोंबऱ्या, बोचऱ्या बोलण्याच्या जवळ जातात. खडेबाजारात घाईतला दुकानदार मान वर न करता 'इल्ला' (कन्नडमध्ये 'नाही') एवढेच तोडून म्हणतो, तो सूर 'क्लिप्ड'. 'ड्राय'कडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्याकडे कोरडे बोलणे म्हणजे जिव्हाळा नसलेले बोलणे, तर इंग्रजीत चेहऱ्यावर काहीही न दाखवता केलेल्या विनोदालाही 'ड्राय' म्हणतात, आणि हा फरक सुटला तर संवादाचा अर्थच उलटतो. म्हणून बोलणारा कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी बोलत आहे, हे आधीच्या दोन-चार ओळींत पाहावे. 'ग्रॅव्हली' हा शब्द सहसा भावना सांगत नाही. तो केवळ घोगऱ्या, खरखरीत आवाजासाठी येतो.