टवका ४५० रुपयांचा, हिशेब पाच वर्षांचा

इंदूरच्या रामबागेतल्या एका निवृत्त वाचकांचा प्रश्न आहे. देवासहून परतताना मांगलियाच्या अलीकडे पुढच्या डंपरमधून गिट्टी उडाली आणि गाडीच्या समोरच्या काचेचा टवका गेला. गाडी साडेचार वर्षांची, १२०० सीसीची. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, ४५ टक्क्यांवर आहे. टवका घरच्या घरी भरायचं किट ऑनलाइन ४५० रुपयांना मिळतंय. काचवाला भरून द्यायचे १,२०० मागतो. गॅरेजवाला म्हणतो, काचच बदला, ७,५०० होतील. जावई म्हणतात, "मग इन्शुरन्स कशाला भरता? क्लेम टाका." जूनच्या दुसऱ्या आठवड्यात याच गाडीने लग्नासाठी पुण्याला जायचंय. काय करावं?

आधी जावईबापूंचं बघू, कारण चार पर्यायांत सगळ्यात महाग तोच आहे आणि दिसायला मात्र फुकट.

क्लेम टाकलात तर ७,५०० पैकी १,००० तुमच्याच खिशातून जातील. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला तेवढी सक्तीची कपात असते. काचेवर घसारा कापत नाहीत (म्हणून "काचेसाठी तरी झिरो डेप घ्या", म्हणजे घसारा न कापणारं जादा कवच घ्या, असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या), तेव्हा उरलेले साधारण ६,५०० कंपनी देईल. ही झाली जमेची बाजू.

आता नावे बाजू. बोनस मिळतो तो फक्त ओडीवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागाचा, आकडा त्याने हलत नाही. तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीत सवलतीआधीचा ओडी प्रीमियम ८,००० च्या आसपास आहे. यंदा क्लेम केला नाहीत तर नूतनीकरणाला बोनस ५० टक्के होतो, त्याच्या वर पायरी नाही. क्लेम केलात की थेट शून्य. मग २०, २५, ३५, ४५ आणि सहाव्या खेपेला पुन्हा ५०. दर वर्षी पन्नासच्या किती खाली राहिलात ते लिहून काढा: ५०, ३०, २५, १५, ५. बेरीज १२५. म्हणजे सव्वा वर्षाचा अख्खा ओडी प्रीमियम, १०,००० रुपये. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, दर वर्षी उतरते आणि तिच्या मागोमाग प्रीमियमही, म्हणून वर्षाला दहा टक्के घट धरून मी पुन्हा मांडलं, तेव्हा ८,९०० आले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की साडेदहा हजार. ६,५०० घ्यायचे आणि पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने साडेदहा हजार परत द्यायचे. शिवाय नुकसान बघायला येणाऱ्या सर्व्हेअरची वाट बघण्यात एक दिवस जाणार तो वेगळाच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. या पाच वर्षांत दुसरा मोठा क्लेम करायची वेळ आलीच, तर बोनस तेव्हाही गेलाच असता, आणि मग आजचा क्लेम इतका महाग पडत नाही. पण तुमची गाडी आठवड्यातून दोनदा राजवाड्यापर्यंत आणि महिन्यातून एकदा देवासला जाते, असं तुम्हीच लिहिलंय. आणि आरशामागे कॅमेरा असलेली नव्या जातीची गाडी असती तर मी उलटं उत्तर दिलं असतं. तिथे काच महाग असते, बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि बिल बोनसच्या किती तरी पुढे जातं.

जावयांची दुसरी सूचना, "क्लेम घ्या आणि पुढच्या वर्षी कंपनी बदलून बोनस तसाच दाखवा," ही मनातूनसुद्धा काढून टाका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते. बोनस खोटा सांगितल्याचं निघालं तर खऱ्या अपघाताच्या वेळी ओडीचा क्लेम हातचा जातो.

तेव्हा क्लेम नाही, आणि काच बदलायचीही इतक्यात गरज नाही. गॅरेजवाल्याला नवी काच विकण्यात रस असणारच, त्याचा राग मानू नका. समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा चिकट पापुद्रा. गिट्टीने फक्त बाहेरची काच फुटली आहे. आतून नख फिरवून बघा, काही लागत नसेल तर आतली काच शाबूत आहे. टवका रुपयाच्या नाण्याहून लहान आहे, काचेच्या कडेपासून वीतभर आत आहे, ड्रायव्हरच्या नजरेसमोर नाही. असा टवका भरून निघतो.

उरले ४५० आणि १,२००. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ते किट मी स्वतः वापरलंय.

किटमध्ये फार काही नसतं. काचेला चिकटणारा एक ठोकळा, सिरिंज, पातळ रेझिनची इवलीशी बाटली, पारदर्शक फिल्मचे तुकडे आणि एक ब्लेड. सिरिंजने खड्ड्यातली हवा ओढायची, मग रेझिन दाबून आत घालायचं, वर फिल्म लावायची आणि गाडी उन्हात न्यायची. उन्हातल्या अतिनील किरणांनी रेझिन कडक होतं. शेवटी ब्लेडने वरचा थर खरवडायचा. मी काय केलं? ऊन हवं असं वाचलं होतं, म्हणून सगळा खटाटोपच भर दुपारी अंगणात मांडला. रेझिन खड्ड्यात नीट उतरायच्या आधीच घट्ट व्हायला लागलं आणि आत एक बुडबुडा कायमचा राहिला. सावलीत भरायचं आणि मगच उन्हात न्यायचं, एवढी साधी गोष्ट. तडा पसरला नाही, पण घरचं माणूस अजून दर वेळी गाडीत बसताना त्या बुडबुड्याकडे बघतं आणि काही बोलत नाही.

ही चूक दुरुस्त होत नाही, हाच पैशांचा मुद्दा. एकदा कडक झालेलं रेझिन बाहेर काढता येत नाही. काचवाल्याकडे गेलात तर तोही म्हणेल, आता यात काही भरणार नाही. तेव्हा किट फसलं तर नुकसान ४५० चं नसतं, काच बदलायच्या ७,५०० चं असतं. किट आणून तुम्ही वाचवताय ७५०. ७५० म्हणजे ७,५०० चा दहावा भाग. काचवाल्याच्या हातून काम बिघडण्याची जी शक्यता असेल, त्यापेक्षा तुमच्या हातून बिघडण्याची शक्यता दहात एकने जास्त असेल, तर बचत तिथेच संपली. पहिल्यांदाच सिरिंज धरणारा हात, तुम्हीच सांगा, दहात एक की दहात तीन?

नुसता गोल खड्डा असता तर तरीही म्हटलं असतं, हौस आहे, वेळ आहे, आणा किट. पण तुमच्या फोटोत खड्ड्याच्या खालच्या बाजूला केसासारखी एक रेघ दिसते. माझा निर्णय त्या रेघेवर झाला. खड्ड्यात रेझिन सहज उतरतं, बारीक रेघेच्या टोकापर्यंत नेणं अवघड. तिथून हवा पूर्ण ओढायला काचवाल्याचा पंप आणि सरावलेला हात लागतो. टोक कोरडं राहिलं तर तडा तिथूनच पुढे धावेल, आणि इंदूर ते पुणे या वाटेत सेंधव्याचा घाट, रस्त्यावरचे हादरे आणि तापलेली काच, सगळं आहे. १,२०० द्या आणि काचवाल्याकडेच करून घ्या. त्याला आधीच विचारा, भरताना तडा पळाला तर पैसे घेणार का. जागेवर फिकट डाग राहील, तो राहू द्या. तडा थांबवण्याचे पैसे देताय, डाग घालवण्याचे नाही.

आणि भरूनही काच पुढेमागे गेलीच तर ७,५०० खिशातून द्या, क्लेम तेव्हाही नको. बोनसमुळे पुढच्या नूतनीकरणाला ओडीवर ४,००० सुटणार आहेत, ते घरखर्चात मिसळू न देता बाजूला ठेवलेत तर काचेची निम्म्याहून जास्त सोय तिथेच झाली.

हे काम या आठवड्यातच उरका, मृग लागायच्या आत. खड्ड्यात पाणी आणि धूळ शिरली की रेझिन धरत नाही. तोवर टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा, उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा झोत सोडू नका, आणि काचवाल्याकडे जायच्या दिवशी गाडी धुवू नका.