घरच्यांपेक्षा वेगळी पूजा: लपवू की सांगू?

"मॅडम, घरच्यांना न सांगता मी माझी वेगळी पूजा करते. ही त्यांची फसवणूक झाली का?" तळकोकणात समुपदेशन करताना हा प्रश्न निरनिराळ्या माणसांकडून माझ्यापुढे येतो. सासरच्या देवघरात माहेरच्या देवाचा टाक गुपचूप ठेवणारी सून हे विचारते, तसाच देव मुळीच न मानणारा पण गणपतीत आरतीला उभा राहणारा मुलगाही विचारतो. या वेळी विचारणारी मुलगी पेगन, म्हणजे निसर्गदेवतांची उपासना करणाऱ्यांपैकी होती. तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही असे बदल करून लिहिते आहे.

मुलगी चोविशीतली, वेंगुर्ल्याच्या बाजूची. काम घरूनच, लॅपटॉपवर. घरात आई, बाबा आणि आजी. काही वर्षांपासून ती विक्का या पेगन पंथाबद्दल वाचत होती आणि हळूहळू उपासनाही करू लागली होती. हा पंथ तसा अलीकडचा. ख्रिस्ती धर्म येण्याआधी युरोपात निसर्गदेवतांची जी उपासना चालायची, तिच्यापासून स्फूर्ती घेऊन तो विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आकाराला आला. चेटकाविरुद्धचा तिथला जुना कायदा 1951 मध्ये रद्द झाला, 1954 मध्ये पंथाचा पाया घालणाऱ्या जेराल्ड गार्डनर यांचं पुस्तक आलं आणि लोक त्याबद्दल उघडपणे बोलू लागले. सर्वांना बंधनकारक असा एकच धर्मग्रंथ नाही. सैतान त्यांच्या श्रद्धेत नाहीच. पृथ्वी, वायू, अग्नी, जल ही चार तत्त्वं, चंद्राच्या कला आणि वर्षातले आठ ऋतुसण, एवढ्यावर बरंचसं उभं आहे. कितीतरी जण एकटेच, घरातल्या लहानशा वेदीपुढे बसतात.

हिची वेदी म्हणजे पलंगाखाली सरकवलेला बुटांचा रिकामा खोका. त्यात मेणबत्त्या, शिंपले, मिठाची वाटी आणि पाच टोकांची चांदणी काढलेलं कापड. सगळे झोपले की दाराला कडी लावून ती खोका उघडायची आणि उजेड फटीतून दिसू नये म्हणून मेणबत्ती मच्छरदाणीच्या आत लावायची. कौलारू घर, लाकडी माळा, नायलॉनची मच्छरदाणी. हे ऐकलं आणि धर्म, श्रद्धा सगळं बाजूला ठेवून मी आधी तिला ते बंद करायला सांगितलं.

31 ऑक्टोबरला त्यांचा मृतांच्या स्मरणाचा सण असतो. त्यासाठी तिला लाकडाची एक छोटी छडी हवी होती, म्हणून गावच्या देवराईतून तिने वाळकी काटकी उचलून आणली. घोळ झाला तो इथे. देवराईतलं झाड तोडणं सोडाच, पडलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही, ही रीत कोकणातल्या कित्येक गावांत आजही पाळतात. शेजारणीने तिला पाहिलं, आजीच्या कानावर घातलं आणि आजीने खोका शोधून काढला. काळी मेणबत्ती, चांदणी, मीठ आणि वर रायतली काटकी. पोरीवर कोणी करणी केली, नाहीतर पोरच करणी शिकली, याशिवाय आजीच्या मनात दुसरं काय येणार? "रायतली काठी घरात कित्याक हाडलंस?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. आईची चिंता निराळी. स्थळं बघणं चालू आहे, वाडीत बभ्रा झाला तर?

मुलीने मला दोन प्रश्न विचारले. मला काही मानसिक आजार झालाय का? आणि आता हे सगळं सोडून देऊ की आणखी नीट लपवू?

घरच्यांपेक्षा वेगळी श्रद्धा असणं हा आजार नाही. हे मी तिला स्पष्ट शब्दांत सांगितलं, कारण तिला ते कोणीतरी स्पष्ट सांगण्याची गरज होती. मात्र काही गोष्टी मी नीट विचारून घेतल्याच. झोप कशी आहे, जेवण कसं, कामात लक्ष लागतं का, मैत्रिणी तुटल्यात का. कुणाचे हुकूम ऐकू येतात का. एखाद्या दिवशी पूजा चुकली तर काही भयंकर घडेल अशी धास्ती वाटते का. आणि फोनवर भेटलेलं कोणी 'गुरू' म्हणून पैसे, फोटो मागतं का, घरच्यांशी संबंध तोड म्हणतं का. यातलं काही असेल तर पंथ कोणताही असो, वेळीच डॉक्टरांना दाखवावं किंवा माझ्यासारख्या कोणाशी बोलावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर फुकट बोलता येतं. हिच्या बाबतीत एक झोप सोडली तर सगळं ठीक होतं. झोपही मध्यरात्रीच्या जागरणामुळेच उडालेली.

दुसऱ्या प्रश्नात मी बराच वेळ घालवला. कोणाला किती सांगायचं हा तिचा अधिकार, त्यात मला शंका नव्हती. पण खोक्यासमोर बसल्यावर तिचे कान दाराकडे लागलेले असायचे आणि दिवसभर आई खोली झाडायला गेली तरी हिच्या छातीत धडधडायचं. म्हणून मी विचारलं, तिथे बसून तुला नक्की काय मिळतं? थोडा वेळ गप्प बसून ती म्हणाली, "दिवसभर स्क्रीनकडे बघून मी कुठे आहे तेच विसरते. तिथे बसलं की बाहेर भरती आहे का ओहोटी, चंद्र वाढता आहे का उतरता, याची जाणीव होते."

यासाठी काळी मेणबत्ती लागत नाही, हे बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं. मग आम्ही एक कसोटी ठरवली. वेदीवर तेच ठेवायचं, ज्याबद्दल घरच्यांनी विचारलं तर खरं उत्तर देता येईल. आपणहून सगळं सांगायची सक्ती नाही, पण विचारल्यावर खोटं बोलावं लागेल असंही काही नको.

तिच्या खोलीत जांभ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता, जुन्या चार्जरांनी भरलेला. तो तिने रिकामा केला. उत्तरेला पृथ्वी, पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल अशी त्या पंथातली रूढ मांडणी आहे. समुद्र पश्चिमेलाच असल्याने पाण्याचं तांब्याचं फुलपात्र आपसूक योग्य बाजूला गेलं. दक्षिणेला स्टीलच्या ताटलीत पणती, पूर्वेला उदबत्ती. मिठाच्या वाटीचं पावसाळ्यात पाणी व्हायचं, म्हणून त्या जागी आता शेतातली मूठभर माती आणि एक गुळगुळीत गोटा आला. दक्षिण गोलार्धातले अनेक पेगन सगळे सण सहा महिने पुढेमागे करून तिथल्या ऋतूंप्रमाणे पाळतात, हे तिनेच मला सांगितलं. मग इंग्लंडच्या बर्फाची सजावट तू इथे का करतेस, असं मी विचारलं. कापणीच्या सणासाठी तिने नव्याच्या पौर्णिमेला दारावर बांधलेल्या भाताच्या लोंब्यांतली एक आईकडे मागितली आणि आईने दिली. डिसेंबरच्या सणाला आंब्याचा मोहोर ठेवायचं तिने तेव्हाच ठरवून टाकलं.

वेळही बदलली. तिन्हीसांजेला घरात दिवा-उदबत्ती होतेच, त्याच वेळी तिची पणती लागू लागली. देवघरातलं निरांजन घ्यावं का, असं तिने विचारलं होतं. मी नको म्हटलं. ते सगळ्या घराचं आहे, परस्पर उचललं की दुखावणार. शिंपले फक्त रिकामे आणि साधे ठेवायला सांगितले, कारण शंखांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. वेदीचे फोटो फोनवरून कोणालाही पाठवायचे नाहीत, हेही ठरलं. वाडीत बातमी शेजारणीपेक्षा स्क्रीनशॉटने लवकर पोचते.

मुलगी सज्ञान, म्हणून तिने हो म्हटल्यावरच मी आईला बोलावलं. आईचा पहिला प्रश्न कायद्याचा होता: "हे जादूटोण्यात तर येत नाही ना?" महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लोकांना फसवणाऱ्या, लुबाडणाऱ्या, इजा करणाऱ्या अघोरी प्रकारांसाठी आहे. घरात केलेले, कोणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान न करणारे धार्मिक विधी त्यात येत नाहीत. आणि सदसद्विवेकाचं, श्रद्धेचं स्वातंत्र्य तर संविधानाच्या 25 व्या कलमानेच दिलेलं आहे. आई ऐकत होती, पण तिचा चेहरा मोकळा झाला तो मुलीने स्वतःच्या तोंडाने "मी कोणाचं वाईट चिंतत नाही गं आई" म्हटल्यावर. लग्नाचा विषय त्या दिवशी सुटला नाही. मुलीने एवढंच सांगितलं की ज्याच्याशी ठरेल त्याला ती आधी सांगणार.

आजीपुढे कायद्याचा काही उपयोग नव्हता. तिला कोनाड्याचं सोयरसुतकही नव्हतं. तिची भीती रायच्या राखणदाराची होती, आणि मला ती भीती क्षुल्लक वाटत नाही. आपल्या देवरायांतली जुनी झाडं तिच्यासारख्यांच्या धाकामुळेच उभी आहेत. शिवाय निसर्गाची उपासना करणाऱ्या मुलीने रायतलं लाकूड उचलावं, हे तिच्या स्वतःच्या श्रद्धेलाही धरून नव्हतं. हे मी म्हटलं तेव्हा ती रडली. दोघी काटकी घेऊन रायत गेल्या, आजीने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, काटकी होती तिथे ठेवून आल्या.

एक सांगायला हवं. प्रत्येक घर असं नसतं. जिथे मारहाण होते, कोंडून ठेवतात, मांत्रिकाकडे नेतात, तिथे खरं सांगण्याची घाई करू नये. तिथे वेदी डब्यात मावेल एवढी असावी किंवा नुसती मनात असावी, आणि मदतीसाठी महिलांचा 181 क्रमांक पाठ असावा. वसतिगृहात राहणाऱ्यांनाही झाकणाचा छोटा डबा पुरतो. दिव्याच्या जागी बॅटरीवरची मेणबत्ती चालते, हे त्या पंथातले लोकही मान्य करतात.

बाबांना तिने अजून काही सांगितलेलं नाही. ते रोज संध्याकाळी खोलीवरून जातात, पणती बघतात आणि पुढे जातात. त्यांनी विचारलं की सांगायचं, असं तिचं ठरलं आहे, आणि काय सांगायचं ते तिने माझ्यासमोर एकदा मोठ्याने बोलूनही पाहिलं आहे.