बडोद्यात सोफ्याला टिकाऊ कापड कोणतं लावावं? रेक्झिन चालेल का?

घरात लहान मुलं, दिवसभर बसऊठ आणि हॉलला पश्चिमेची खिडकी, असं तुम्ही लिहिलंय. अशा घरात रेक्झिन नको, असं मी अगदी कळकळीने सांगेन. पुसायला सोपं खरं, पण मे महिन्यात पाठ चिकटते. आणि लेदरसारखं दिसणारं जे महागडं कापड मिळतं, त्यावरचा पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर दमट हवेने, घामाने, केसांच्या तेलाने सुटतो. दांडिया बाजारात माझ्या मावशीकडे असा सोफा आहे. बैठक अजून भक्कम, पण डोकं टेकतं तिथे आणि हातांवर पापुद्रे निघालेत. उठलं की साडीला चिकटून येतात. यावर उपाय नाही, सगळं कापडच बदलावं लागतं.

तुम्ही घट्ट विणीचं, सपाट पोताचं पॉलिस्टर घ्या, किंवा ज्यात पॉलिस्टर जास्त आहे असं मिश्रण. जाडीवर जाऊ नका. शेनिल, म्हणजे मखमलीसारखं लवदार कापड, जाड आणि मऊ, म्हणून दुकानात हात तिकडेच जातो, पण बसायच्या जागी त्याची लव झडते.

कॅटलॉगमध्ये नमुन्याच्या मागे 'मार्टिंडेल' आकडा असतो का ते बघा. कापड यंत्रावर घासून किती फेऱ्यांनी धागे तुटतात, त्याचा तो आकडा. रोजच्या वापराला 25,000 किंवा जास्त हवा. 'डबल रब्ज' लिहिलं असेल तर ती चाचणी वेगळी, दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

आकडाच नसेल तर नमुना दोन अंगठ्यांनी विरुद्ध बाजूंना ताणा. धागे सरकून फट पडली तर ते शिवणीपाशी उसवणार, कितीही सुंदर असो, सोडून द्या. मग ओल्या पांढऱ्या रुमालाने घासा, रंग उतरतो का ते कळेल.

पश्चिमेच्या उन्हात गडद रंग लवकर विटतात. धागा काढतानाच रंग मिसळलेलं कापड मिळालं तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या.

पन्हा बहुतेक 54 इंच असतो. मोठी नक्षी असेल तर ती जुळवायला जास्त कापड लागतं, म्हणून कारागिराला माप घ्यायला बोलावूनच खरेदी करा.

आणि सोफा संखेड्याचा, म्हणजे लाखेच्या रंगकामाच्या कातीव लाकडाचा असेल, तर लाकडाला काही ठोकू देऊ नका. सुट्या गाद्या करा, चेनच्या खोळी शिवा. तिथे सुती कापडही चालेल, फक्त शिवण्याआधी एकदा धुऊन आटवून घ्या.